७ आडवा

मी रचलेलं शब्दकोडं अक्काने भरून त्याचा फोटो पाठवला. खाली नेहमीचंच, "झालं. पुढचं कधी?" सगळी घरं भरलेली, खाडाखोड जवळजवळ नाही. मी सरळ ७ आडव्याकडे गेले. तिथं तिनं 'सायली' लिहिलंय.

उत्तर 'सावली' होतं.

चुकलं तर चुकलं, कोडंच आहे. पण शोधसूत्र होतं 'ऊन डोक्यावर आलं की पायांत घुटमळते (३)'. हे वाचून कुणी फुलाचं नाव लिहील? म्हणजे तिनं ते वाचलंच नाही. उभ्या शब्दांतून 'सा' मिळाला, 'ली' मिळाली, मधे जे पहिलं सुचलं ते बसवलं आणि बाई पुढं गेल्या. दुपारपासून डोक्यात हेच. वाचलंच नाही.

बाकीची सूत्रं कामचलाऊ होती, मान्य. 'आसाम'ला 'ईशान्येकडचं एक राज्य' लिहून मोकळी झाले, 'मुरली'चं तर सांगतच नाही. हे एकच जमून आलं होतं. आधी 'उजेडात सोबत, अंधारात गायब' असलं काहीतरी होतं, ते कुणीही लिहील म्हणून खोडलं. मग 'घुटमळते' सापडलं आणि मी चक्क उठून खोलीत एक फेरी मारली. (हे दादाला कळलं तर संपलंच.)

मधलं घर मुद्दाम मोकळं सोडलं होतं, त्यातून उभा शब्द जात नव्हता. अमेरिकी कोड्यांत प्रत्येक घर आडव्या-उभ्या दोन्हीकडून सापडतं, ब्रिटिश जाळीत साधारण एकाआड एक घर असं सुटं राहतं. मराठीत पहिली तऱ्हा झेपत नाही. इंग्रजीची सगळी मिळून २६ अक्षरं, इथं बाराखडीत एकट्या 'क'चीच १२ रूपं, जोडाक्षरं वेगळी. आडव्यात 'कि' आणि उभ्यात 'की' आली की अख्खा कोपरा मोडा. त्यात कागद उलटा धरला तरी काळ्या घरांची नक्षी तीच दिसायला हवी. म्हणून जाळी विरळ ठेवायची. पण मग एक अक्षर हाती लागलं तरी केवढा सुगावा लागतो! तीन घरांतली दोन मिळाल्यावर सूत्राकडे बघतंय कोण? सावली की सायली, एवढ्यापुरतं तरी बघावं लागेल असं मी धरून चालले होते. तेवढंही नाही.

मग रडगाणं. कोण वाचतं आपलं, कशासाठी हे रात्रीचं जागरण, लोकांना चौकटी भरायच्या असतात आणि आपण बसतो क्रियापदं घासत. घरात यावर काय बोललं जातं ते इथं लिहीत नाही.

अक्काला सांगू म्हटलं, तर ती काय म्हणेल तेही ऐकू आलं. "बसतंय की!" आणि बसतंयच. एकही उभा शब्द अडत नाही. तिथं मला हसू फुटलं. अडलेल्याला उभ्या शब्दांनी हात द्यायलाच हवा, नाहीतर ते कोडं नाही, छळ आहे, हे दादाला कितीदा ऐकवलंय मी. आता हात दिला, तिनं धरला, आणि तोंड वाकडं करून बसलेय मी.

आर्थर विनने २१ डिसेंबर १९१३ च्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये पहिलं कोडं दिलं, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचं. त्यात वरचा 'फन' हा शब्द त्यानं स्वतःच भरून ठेवला होता. सूत्र न वाचता उत्तर, ही रीत तिथूनच चालत आलीय म्हणायची. अक्का परंपरेला धरून आहे.

तिला 'छान' एवढंच कळवलंय. उत्तरांचा कागद पाठवायचा की नाही ते बघू. तसाही ती तो उघडत नाही.

नव्या जाळीत पहिल्याच ओळीत 'सायली' टाकलीय, या वेळी तिन्ही घरांतून उभे शब्द. 'य'खाली 'यमक' झकास बसत होतं. पण मग त्याच्या खाली काळं घर येतं, त्याचं जोडीदार काळं घर समोरच्या कोपऱ्यात येतं, आणि तिथला आडवा शब्द 'ळ'ने सुरू करावा लागतो. 'ळ'ने सुरू होणारा शब्द आणू कुठून?