वाइल्डवुड: प्लास्टिकचे माड आणि पिवळी ट्रॅम

न्यू जर्सीतली आमच्या ओळखीतली मराठी मंडळी समुद्रावर जायचं म्हटलं की अटलांटिक सिटी नाहीतर केप मे गाठतात. या दोन्हींच्या मधे वाइल्डवुड आहे, तिथे कुणी फारसं थांबत नाही. यंदा आई सांगलीहून आली होती, तिला घेऊन आम्ही मुद्दाम तिथेच राहिलो. एडिसनहून गार्डन स्टेट पार्कवे हा महामार्ग धरला की सरळ दक्षिणेला, एक्झिट 4 पर्यंत.

या गावाचं खरं वैभव म्हणजे इथली मोटेलं. 1950 च्या दशकात हा पार्कवे झाला, मध्यमवर्गाच्या दारात गाड्या आल्या आणि समुद्राकाठी दोन-तीन मजली मोटेलं धडाधड उभी राहिली. गाडी खोलीसमोर लावायची, अंगणात पोहण्याचा तलाव, वर सज्जाला रंगीत कठडे. आजूबाजूच्या दहा मोटेलांत गिऱ्हाइकाची नजर आपल्याकडेच वळावी म्हणून मालकांनी तिरकी छपरं, काचेच्या भिंती, निऑनच्या पाट्या असं सगळं करून पाहिलं. नावंही तशीच, कुठे कॅरिबियन बेटं, कुठे हवाई, कुठे अंतराळ. हवाईची सहल ज्यांना परवडत नव्हती, त्यांच्यासाठी हवाईच इथे आणली होती. न्यू जर्सीच्या थंडीत माड जगत नाहीत, म्हणून तलावाभोवती प्लास्टिकचे माड लावले. ते आजही आहेत.

1957 चं कॅरिबियन मोटेल आम्ही निवांत पाहिलं. तलाव चंद्रकोरीच्या आकाराचा, आणि वरच्या मजल्यावरून खाली येणारा वळणदार उतार बघताना तो अधांतरी तरंगतोय असंच वाटतं. आईने त्याच्या कठड्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगं, किती हौसेनं बांधलंय गं हे!" 2005 मध्ये या मोटेलाची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा यादीत झाली. ते पाडायचं घाटत होतं, पण जीव लावणाऱ्या माणसांनी वाचवलं. सगळ्यांच्या नशिबी हे नव्हतं. 2000 नंतर जमिनीचे भाव चढले आणि कितीतरी मोटेलं पाडून तिथे फ्लॅट उभे राहिले. पाडलेल्या मोटेलांच्या काही पाट्या डू-वॉप संग्रहालयाबाहेर मांडल्या आहेत. 'डू-वॉप' म्हणजे त्या काळचं गाण्याचं एक वळण, आणि त्यावरूनच या बांधकामाच्या शैलीला हे नाव पडलं. संग्रहालयाची इमारत म्हणजे 1960 च्या दशकातलं एक रेस्टॉरंट. ते जागेवरून सुटं करून इथे आणून पुन्हा जोडलंय. राजवाडे आणि किल्ले जपलेच पाहिजेत. पण कारखान्यात, दुकानात राबणारी कुटुंबं वर्षातून आठवडाभर जिथे सुखाने राहिली, त्या जागाही तितक्याच मोलाच्या आहेत, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी बोर्डवॉकवर गेलो. समुद्राला समांतर दोन-अडीच मैलांचा हा लाकडी रस्ता माणसांनी नुसता फुललेला असतो. फळ्यांवरून चपला आपटल्याचा आवाज, तळणीचा वास, नेम मारून जिंकायची टेडी बेअर, आणि मधूनच मागून येणारा एका बाईचा आवाज, "वॉच द ट्रॅम कार, प्लीज". ही पिवळी-निळी ट्रॅम मुळात 1939 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेली. 1949 पासून ती इथे धावतेय, आणि ती सूचना 1971 मध्ये ध्वनिमुद्रित केलेली. गुडघे दुखणाऱ्या आईला ट्रॅमचा फार आधार झाला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिने सगळा बाजार बसल्या जागी पाहिला.

एका दुकानाच्या काचेआड टॅफी, म्हणजे साखरेच्या पाकाची चिवट गोळी, ओढायचं यंत्र चालू होतं. दोन लोखंडी हात गुलाबी पाकाचा जाड दोर ओढायचे, दुमडायचे, पुन्हा ओढायचे. दर वेळी हवा मिसळून रंग फिका होत जायचा आणि वर रेशमासारखी चमक यायची. आई तिथून हलेना. शेजारी व्हिनेगर शिंपडलेले गरम फ्राइज मिळतात, ते उभ्याउभ्याच खावेत.

पाळणे मोरीज पिअर्सवर, म्हणजे बोर्डवॉकवरून समुद्राच्या दिशेने बांधलेल्या धक्क्यांवर. 1969 मध्ये मोरी बंधूंनी एका मोठ्या घसरगुंडीपासून सुरुवात केली, आता तीन पिअर्स आहेत. 156 फुटी चाकाच्या माथ्यावरून एका बाजूला अख्खं गाव दिव्यांनी लखलखलेलं दिसतं आणि दुसऱ्या बाजूला काळा अटलांटिक.

पुळण इतकी रुंद की पाण्यापर्यंत चालताना दमछाक होते. केप मेजवळच्या खाडीच्या तोंडाशी बांधलेल्या दगडी बंधाऱ्यांमुळे दक्षिणेकडे वाहत जाणारी वाळू अडते आणि इथे साचत राहते. वाइल्डवुड ज्या बेटावर आहे त्याच्या उत्तर टोकाला, नॉर्थ वाइल्डवुडमध्ये, उलट किनारा खचतोय. जर्सीच्या बहुतेक किनाऱ्यांवर उतरायला पैसे मोजावे लागतात, इथे नाही. कोकणात आपण समुद्रात बुडणारा सूर्य पाहत आलो, इथे तो समुद्रातून वर येतो. त्यासाठी पहाटे उठाच. सकाळी बोर्डवॉकवर सायकलीही चालवता येतात.

जायचं तर जून ते ऑगस्टमध्ये जा, थंडीत बहुतेक सगळं बंद असतं. शनिवार-रविवारची खोली बरीच आधी घेऊन ठेवा. आणि घेताना जुनं मोटेलच निवडा. ती चालली तरच टिकणार आहेत.