दाण्याचं बटर: कपाचे ग्रॅम शेवटी जुळले

मंडळी, जुळलं! मागच्या नोंदीत अडकून पडलेलं कोडं सुटलं. घरच्या बटरचा एक कप कधी २३६ ग्रॅम भरायचा, कधी २५९.

अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात मऊ पीनट बटरचा कप २५८ ग्रॅम आणि टेबलस्पून १६ ग्रॅम आहे. कपात सोळा टेबलस्पून, म्हणजे हिशोब बसतो. बेकिंगच्या काही तक्त्यांत २७० सापडतो, तोही चालेल. पण २३६? बिनमैद्याच्या कुकीत एक कप बटर, एक कप साखर आणि एक अंडं, एवढंच असतं. तिथे वीस ग्रॅम इकडेतिकडे झाले की कुकीचं रूपच बदलतं.

पहिला संशय कपावर. रिकामा कप काट्यावर, टेअर (म्हणजे काटा पुन्हा शून्यावर), मग काठोकाठ पाणी. पाण्याचा एक मिली म्हणजे एक ग्रॅमच धरा. ऑनलाइन मागवलेल्या स्टीलच्या कपावर २४० कोरलंय, मावतं २२७! असं माप विकायलाच नको. जुना प्लास्टिकचा कप बरोबर २४० भरला. काटाही तपासला: दहा रुपयांचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं, दहा नाणी ठेवली, ७७ आले. तरी बटरचा चढउतार तसाच.

सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, आधी निवू तर दे. आणि ठोकल्याशिवाय मापटं भरतं का कधी?"

तिथेच उलगडलं. मिक्सरमधून नुकतं काढलेलं बटर कोमट असतं आणि पात्याने घुसळलेली हवा धरून बसतं. सुरीने उभं कापून बघा, टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. रात्रभर ठेवलं की हवा निघते, पण तेल वर येतं. दाण्यात जवळपास निम्मं तेलच. दुकानातल्या बऱ्याच बरण्यांत हायड्रोजनेटेड तेल घातलेलं असतं, ते हे तेल धरून ठेवतं. आपल्याकडे तसं काही नाही, त्यात परभणीचा उन्हाळा. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे वरचं घेतलं तर कप हलका, तळाचं घेतलं तर जड.

म्हणून आता बरणी तळापासून ढवळायची, कप दुमडलेल्या फडक्यावर आपटत भरायचा, सुरीच्या पाठीने सपाट करायचा. सारखं २५८ च्या आसपास येतंय. आकडा पहिल्यांदा स्थिर राहिला तेव्हा काय आनंद झाला! दाणे मात्र मोंढ्यातल्या उन्हाळी भुईमुगाचेच घ्या, पाकिटातल्यांना ती चव नाही.

राहिलं कपाला चिकटणारं बटर. कप पालथा करून खरवडला तरी आठेक ग्रॅम आतच. मग सुचलं, कप हवाच कशाला? बरणीच काट्यावर ठेवायची, टेअर करायची, चमच्याने काढत जायचं. उणे १२९ दिसलं की अर्धा कप झाला. धुवायला फक्त चमचा.

पुढे बदामाचं बटर घेणार होते, तक्त्यात त्याचा कप २५० चा आहे. पण हे लिहितानाच वाटतंय, आधी तीळ घ्यावेत: ताहिनीचा टेबलस्पून १५ ग्रॅम, आणि घरचं वाटण त्याला किती जुळतं ते बघायचंय. कुणी दगडी ग्राइंडरवर तीळ वाटत असाल तर एक कप ताजा आणि एक रात्रभर ठेवलेला, दोन्हींची वजनं कळवा. दगडात हवा कमी शिरते का, हे मला त्यावरून कळेल.