नापास, पण चोरी नाही

आजचा अख्खा दिवस अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ऑडिटविषयी वाचण्यात गेला. डोकं भणभणलंय, तरी लिहितोच.

पूर्ण खात्याचं पहिलं ऑडिट झालं २०१८ साली. नापास. २०२४ पर्यंत दरवर्षी तोच निकाल. आता नापास म्हणजे कुणीतरी पैसे खाल्ले असं नव्हे (आपलं डोकं आधी तिकडेच धावतं). पुरेसे पुरावेच मिळत नाहीत, म्हणून लेखापरीक्षक मत द्यायला नकार देतात. लष्कर, नौदल, हवाई दल यांच्या संगणक प्रणाली वेगवेगळ्या, बऱ्याच जुन्या, एकमेकींशी न बोलणाऱ्या.

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलची गोष्ट तर भन्नाटच. तिथे नौदलाच्या एका गोदामात विमानांचे सुमारे १२.६ कोटी डॉलरचे सुटे भाग निघाले, ज्यांची यादीत नोंदच नव्हती! म्हणजे घरात माल असूनही नवा मागवायची सोय.

कारभार सुधारायला २०१८ मध्ये मुख्य व्यवस्थापन अधिकारी हे वरिष्ठ पद निर्माण केलं आणि २०२१ उजाडताच कायद्याने रद्दही केलं. तीन वर्षांत एवढं अवाढव्य खातं कोण हलवणार? मला तरी ही घाई कळली नाही.

मरीन कोअर (समुद्रमार्गे उतरून लढणारं अमेरिकेचं दल) मात्र २०२३ च्या हिशेबात पास झालं. सगळ्यांत छोट्या दलांपैकी एक, हेही खरं. बाकी खात्याला कायद्याने २०२८ अखेरची मुदत दिली आहे. माझी पैज 'नाही'वर. तुमची?