सरळ वाट नाही

इस्त्रीवाला कपडे घेऊन आला म्हणून मी दार उघडून जिन्यापर्यंत गेले. पैसे देऊन वळते तोच मागच्या गॅलरीतून वारा आला आणि लॅच ‘खट्’ करून बसला. हातात सहा इस्त्रीचे शर्ट, पायात काही नाही, फोन आत, किल्ली आत. गॅस तेवढा बंद होता.

लॅच हा प्रकार मला कधीच पटलेला नाही. कुलूप कसं, माणसानं लावावं तेव्हा लागावं. आजोळी, सदाशिव पेठेतल्या वाड्याला, बाहेरून कडी-कोयंडा आणि रात्री आतून अडसर. भिंतीतल्या खोबणीतून तो लाकडी वासा ओढताना आजोबा निम्म्या आळीला ऐकू जाईल असे खोकायचे. उशिरा येणाऱ्यांना ती सूचना असे. त्या दाराबाहेर कुणी राहिलं तर चूक राहणाऱ्याची. लॅच मात्र परस्पर ठरवतो. त्याच्या जिभेला एका अंगानं उतार असतो. दार लोटलं की जीभ दबते आणि चौकटीच्या खाचेत पुन्हा बाहेर येते. उलट बाजूला उतारच नाही. म्हणजे बंद व्हायला कुणाची परवानगी लागत नाही, उघडायला लागते.

दुसरी किल्ली भाच्याकडे. तो शिकायला माझ्याकडे असतो. शेजारच्या काकूंच्या फोनवरून चार वेळा लावला, उचलला नाही. ‘‘तो कर्वे रस्त्याला स्नूकर खेळत असेल,’’ काकू म्हणाल्या. मला तो लायब्ररीत असतो एवढंच ठाऊक होतं. शर्ट काकूंकडे ठेवले, त्यांच्या चपला घातल्या आणि निघाले.

तळघरातली जागा. बाहेर चार वाजताचं ऊन आणि आत जणू रात्र. फक्त टेबलांवर खाली टांगलेले दिवे आणि हिरवं कापड. टेबल बारा फूट लांब, सहा फूट रुंद. आमची स्वयंपाकाची खोली तेवढी नाही. भाचा काठीवर हनुवटी टेकवून वाकला होता. मला बघून सरळ झाला.

‘‘मावशी! तू?’’

‘‘किल्ली दे.’’

‘‘एवढी फ्रेम संपू दे ना, हा एकच डाव. पाचच मिनिटं.’’

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काउंटरवरच्या वयस्कर गृहस्थांनी खुर्ची पुढे सरकवली. ‘‘बसा ताई. कॅरम खेळला आहात ना?’’

खेळला आहात ना? वाड्यात माझ्यासमोर बसायला पोरं घाबरायची.

‘‘मग सगळं उलटं समजा,’’ काका म्हणाले. कॅरममध्ये लाल एकच आणि तिला राणीचा मान. इथे लाल बॉल पंधरा आणि किंमत सगळ्यांत कमी, एकेक गुण. एक लाल पाडला की एक रंगीत पाडायची मुभा: पिवळ्याचे २, हिरव्याचे ३, तपकिरीचे ४, निळ्याचे ५, गुलाबीचे ६, काळ्याचे ७. लाल गेला तो गेला. रंगीत मात्र उचलून पुन्हा त्याच्या जागी ठेवतात. लाल संपले की सहा रंगीत याच चढत्या क्रमानं पाडायचे. पंधराही लालांच्या पाठोपाठ दर वेळी काळाच घेतला आणि शेवटचे सहाही सलग पाडले, तर १४७. मी मनात पडताळा घेतला. पंधरा आठे विसाशे, वर सत्तावीस. बरोबर.

आणि हे सगळं पांढऱ्याला मारून. पांढरा म्हणजे स्ट्रायकर. तो भोकात गेला तर इथेही दंडच.

भाच्याचा हात मी तिथे पहिल्यांदा नीट पाहिला. घरी हा लोणच्याच्या बरणीचं झाकण आटे जाईपर्यंत पिळतो. इथे काठी गरम फुलका उचलावा तशी धरलेली. डाव्या पंजाची टेकण, त्यावरून काठी मागेपुढे. दर दोन-तीन फटक्यांनी टोकाच्या चामड्याला निळा खडू. तो नसला तर टोक बॉलवरून निसटतं आणि फटका वाया जातो. पांढऱ्याला मध्याच्या खाली टोचलं की तो समोरच्याला धडकून मागे येतो, वर टोचलं तर त्याच्यामागे पुढे जातो. लाल पाडण्यापेक्षा पांढरा पुढच्या फटक्यासाठी कुठे थांबणार, यावरच याचा जास्त डोळा. असा पुढचा विचार घरी केला असता तर सिंकमध्ये कढई तशीच राहिली नसती.

मग समोरच्या मुलानं एक चमत्कारिक गोष्ट केली. त्यानं काहीच पाडलं नाही. पांढरा अलगद ढकलून तपकिरीच्या मागे नेऊन ठेवला आणि शहाण्यासारखा बाजूला झाला.

‘‘झालं. अडकवला,’’ काका म्हणाले. ‘‘आधी लालालाच लागायला हवं. लाल दिसतायत, पण सरळ वाट नाही. मध्ये तपकिरी.’’

यालाच स्नूकर म्हणतात आणि यावरूनच खेळाचं नाव पडलं असं मला वाटलं. काकांनी दुरुस्त केलं. नाव पडलं ते १८७५ मध्ये, जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये. इंग्लंडच्या लष्करी शाळेत नवशिक्या पोरांना ‘स्नूकर’ म्हणत. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं फटका चुकलेल्या सोबत्याला तसं हिणवलं आणि शिवी खेळालाच चिकटली. ‘‘ब्रिटनचे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन वेगळे हं,’’ असंही बजावलं. मग जबलपूर झालं तर पुणं कसं मागे राहणार? विल्सन जोन्स! जन्म पुण्याचा, १९२२. बिलियर्ड्समध्ये, म्हणजे स्नूकरच्याच जातीच्या खेळात, हौशी खेळाडूंचा जगज्जेता १९५८ मध्ये, कलकत्त्यात. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय. काकांनी हे इतक्या अधिकारानं सांगितलं की जणू जोन्स यांच्या काठीला खडू त्यांनीच लावून दिला होता.

भाच्यानं टेबलाच्या दोन कडांवर आपटून पांढरा वळवायचा प्रयत्न केला. लाल बोटभर हुकला. चार गुण समोरच्याला. फ्रेम गेली, किल्ली मिळाली. किल्ली निळी झाली होती, कारण खडू आणि ती एकाच खिशात.

घरी आलो. किल्ली आत गेली, पण फिरेना. मी दोन्ही हातांनी पिळली.

‘‘मावशी, जोर नको लावू, मोडेल!’’ हे मला, बरणीवाला सांगत होता.

शेवटी पौड फाट्यावरून चावीवाल्याला आणलं. (आमच्याकडे किल्लीच म्हणतात, पण ती करणारा कायम चावीवाला.) त्यानं किल्ली सदऱ्याला पुसली, उजेडात धरली. ‘‘ही कशावरनं काढली?’’

‘‘आधीच्या डुप्लिकेटवरून.’’

‘‘झेरॉक्सची झेरॉक्स,’’ तो म्हणाला. त्यानं पेटीतून कापलेलं एक जुनं कुलूप काढून दाखवलं. आत फिरणारी नळी, तिच्यात उभ्या पाच पिना. प्रत्येक पिनेचे दोन तुकडे, वर स्प्रिंग. किल्लीचा दात पिनेला एवढाच उचलतो की दोन तुकड्यांमधला सांधा नेमका नळीच्या कडेवर येतो. पाचही सांधे एका ओळीत आले की नळी फिरते. एक जरी केसभर खाली राहिला, किंवा केसभर जास्त उचलला गेला, तरी ती अडते. पडत्या पिनांची ही युक्ती इजिप्तच्या लाकडी कुलपांइतकी जुनी. आजची चपटी किल्ली आणि छोटी नळी मात्र अमेरिकेतल्या येल बापलेकांची, एकोणिसाव्या शतकातली. सेफ्टी डोअरच्या आमच्या जाड कुलपात पिनांऐवजी लिव्हरच्या पट्ट्या असतात, पण तिथेही हट्ट तोच. प्रत्येक पट्टी ठरल्या उंचीला, न कमी न जास्त.

लंडनच्या ब्रामा नावाच्या कुलूपवाल्यानं १७९० मध्ये दुकानाच्या खिडकीत कुलूप ठेवून पाटी लावली होती: हे उघडणारं हत्यार जो करील त्याला दोनशे गिनी. माणूस पुण्यात जन्मायला हवा होता. पाटी एकसष्ट वर्षं टिकली. १८५१ मध्ये हॉब्ज या अमेरिकनानं सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास खटपट करून ते उघडलं आणि पैसे घेतले.

आमच्या चावीवाल्यानं कानशीचे तीन हात मारले, किल्ली घातली, दोन बोटांनी फिरवली. दार उघडलं. दीडशे रुपये. वर लॅचमध्ये खोबरेल घातल्याबद्दल बोलणी. तेलावर धूळ बसते, पेन्सिलच्या शिशाची पूड घालायची म्हणे.

या वेळी मूळ किल्लीवरून नवी काढून घेतली आणि काकूंकडे दिली. त्यांनी ती दारालगतच्या खिळ्याला अडकवली. मंगळवारी त्या आठ दिवसांसाठी लेकीकडे सांगलीला गेल्या. जिन्यातल्या खिडकीच्या गजांतून ती खिळ्याला लटकलेली दिसते. मध्ये काकूंचं सात लिव्हरचं कुलूप.