रिपोर्टच्या आधीची गोळी

घणसोलीतल्या एका खाजगी डॉक्टरांचा दुपारी फोन आला. "मॅडम, माथाडी वसाहतीतले एकाच जिन्यावरचे पेशंट सकाळपासून येतायत. ताप, कोरडा खोकला, अंगदुखी. बघता का जरा?" साथींवर लक्ष ठेवणं हेच माझं काम. असा फोन करणारा डॉक्टर मला आजारांच्या नोंदी होतात त्या पोर्टलवरच्या शंभर आकड्यांपेक्षा मोलाचा वाटतो. पावसाळ्यात ताप म्हटलं की सगळे डेंगी, मलेरिया, लेप्टोच्या मागे लागतात. फ्लू मात्र 'हवा बदललीय' या नावाखाली खपून जातो. आपल्याकडे तो जानेवारी-मार्चमध्ये येतो तसाच ऐन पावसातही येतो.

सिस्टर आणि आशाताईंना घेऊन निघाले. घरोघरी विचारायचं ते ठरलेलं: दहा दिवसांच्या आत सुरू झालेला ताप आणि सोबत खोकला आहे का? बरेच पुरुष ताप अंगावर काढून मार्केटला गेले होते. खाडा परवडत नाही म्हणे.

तिसऱ्या मजल्यावर सून झोपून होती. सातवा महिना, आदल्या रात्रीपासून ताप. धाप लागत नव्हती, ऑक्सिजन 97. मी ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध लिहून दिलं, 75 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस.

सासूबाई आडव्या आल्या. "आधी तपासनी तर येऊ द्या. पोटातल्या लेकराला बाधली म्हंजे?"

खरी अडचण इथेच असते. गरोदर बाई जोखमीच्या गटात येते. तिच्या उपचाराला रिपोर्ट लागत नाही आणि हे औषध पहिल्या 48 तासांत पोटात गेलं तर सगळ्यात उपयोगी. स्वॅब घ्यायचा तो वस्तीत कोणता विषाणू फिरतोय हे कळावं म्हणून. मावशींना हे पटेना. शेवटी सुनेच्याच बाळंतपणाच्या डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. त्यांनी सांगितल्यावर पहिली गोळी आमच्यासमोर घेतली गेली.

तळमजल्यावरचे काका स्वॅबला तयार होईनात. "परत उचलून नेणार काय, करोनासारखं?" नाही म्हटलं, घरातच वेगळं झोपा आणि तोंडाला रुमाल बांधा. तरी त्यांनी तोंड उघडलं नाही. मी आग्रह धरला नाही. ताजा ताप असलेले दुसरे होते. त्यांचे स्वॅब गुलाबी द्रावणाच्या नळ्यांत घालून, व्हॅक्सिन कॅरियरमधल्या बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे गेले.

रिपोर्ट आला तेव्हा सुनेचा ताप उतरला होता, गोळ्या संपत आल्या होत्या. एच1एन1. "म्हंजे स्वाइन फ्लूच की!" मावशी हादरल्याच. 2009 साली पुण्यात ज्याने थरकाप उडवला तोच, पण आता दरवर्षीच्या फ्लूमधलाच एक झालाय, हे समजावण्यात चहा गार झाला.

त्याच इमारतीत आणखी गरोदर बायका होत्या. फ्लूची लस गरोदरपणात कुठल्याही महिन्यात चालते, असं त्यांना सांगितलं. एकीने लगेच होकार दिला. दुसरीच्या घरचे म्हणाले, गणपतीला गावाला जाऊन येतो, मग बघू. मी म्हटलं, एसटीत बसायच्या आधीच घ्या.