तेल कोणतं लावू?

"केस लय गळून राहिले जी डॉक्टर, तेल कोणतं लावू?" हा प्रश्न मला नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यात तर विचारतातच, पण लग्नाच्या पंगतीत आणि सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात वांगी निवडतानाही विचारतात. मी त्वचेची डॉक्टर आहे हे एकदा कळलं की सुटका नाही. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तेलाचं नंतर पाहू. आधी मला सांगा, डोकं खाजतं का? आग होते का? भांग पाडताना एखादी जागा दुखते का? कारण गळालेले केस पुडीत बांधून आणले तरी त्यांतून मला फारसं कळत नाही. कळतं ते ज्या कातडीतून ते निघाले तिच्याकडे पाहून.

यातलं काहीच होत नसेल आणि दोन-तीन महिन्यांपूर्वी डेंग्यू, टायफॉईड किंवा बाळंतपण झालं असेल, तर बहुतेकदा घाबरायचं कारण नसतं. त्या धक्क्यानं पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि मग एकदम गळतात. पुढे काही महिन्यांत आपोआप येतात. एरवीही दिवसाला 50 ते 100 केस गळणं हे चालायचंच.

खाज असेल तर मात्र गोष्ट वेगळी. सगळ्यात जास्त दिसतो तो चिकट, पिवळसर कोंडा आणि त्याखाली लालसर झालेली त्वचा. मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर राहतं आणि त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर जगतं. ते तेल पचवताना जी आम्लं मागे उरतात, ती काहींच्या त्वचेला सोसत नाहीत. तिथे दाह सुरू होतो. आता अशा डोक्यावर आईनं प्रेमानं वाटीभर तेल जिरवलं तर कोणाची सोय होते ते सांगायला नको. त्यात आपला मे महिना. पारा 45 च्या वर, स्कूटीवर निघायचं तर तोंडाडोक्याला स्कार्फ गुंडाळल्याशिवाय इलाज नाही, आणि आत घामानं भिजलेली घट्ट वेणी. स्कार्फ सोडा असं मी म्हणणार नाही, ऊन लागलं तर जिवावर बेतेल. घरी आल्यावर केस मोकळे करून वाळवा आणि तो स्कार्फ रोज धुवा, एवढंच. या कोंड्यावर 2 टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू चांगला लागू पडतो, पण तो त्वचेवर पाच मिनिटं राहिला पाहिजे. आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. "लावला, काही फरक नाही पडला" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो केसांना चोळून लगेच धुतलेला असतो.

काळ्या मेहंदीबद्दलही बोलायलाच हवं. मेहंदीच्या पानांचा रंग तांबूस येतो. दहा मिनिटांत काळेभोर केस करणाऱ्या पुडीत बहुधा पीपीडी हे रसायन असतं. ज्यांना त्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांचे कान सुजतात, डोळे मिटतात, डोक्यातून पाणी वाहतं. एकदा असं झालं की ती अ‍ॅलर्जी जन्माची. लग्नसराईत असे पेशंट हमखास येतात, आणि बरे झाल्यावर पुन्हा तीच पुडी आणतात.

पण मला खरी धास्ती असते ती वेगळ्याच दाहाची. भिंगातून पाहिलं की निरोगी डोक्यावर केसांची बारीक भोकं दिसतात, एकेकातून दोन-तीन केस निघालेले. काही पेशंटांच्या टकलाच्या जागी ती भोकंच नसतात. त्वचा गुळगुळीत, चकचकीत, आणि कडेच्या केसांच्या बुडाशी पांढऱ्या पापुद्र्याची कडी बसलेली. केस नव्यानं घडवणाऱ्या मूळपेशी केसाच्या नळीच्या वरच्या भागात, तेलग्रंथीच्या थोड्या खाली असतात. चाईत, म्हणजे गोल चट्ट्यांनी केस जातात त्या आजारात, दाह होतो तो खाली, कंदाभोवती. मूळपेशी वाचतात, म्हणून चाईचे केस परत येऊ शकतात. लायकेन प्लॅनोपायलॅरिससारख्या आजारात दाह नेमका वर होतो, मूळपेशी मरतात आणि तिथे व्रण भरतो. काटोलकडचे एक संत्रा बागायतदार हे ऐकून म्हणाले, "म्हणजे पानगळ झाली तं झाड फुटते, पण बुंध्याले डिंक्या लागला तं गेलं." इतकं नेमकं मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

म्हणून या आजारात उपचाराचं काम गेलेले केस आणण्याचं नसतं, राहिलेले वाचवण्याचं असतं. टाळूवर जोरकस स्टेरॉईड, दर चार-सहा आठवड्यांनी त्वचेत ट्रायअ‍ॅमसिनोलोनची इंजेक्शनं, कधी डॉक्सीसायक्लिन, कधी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. आणि ही शेवटची गोळी चालू असेल तर डोळ्यांचा पडदा तपासत राहायचा. निदानासाठी त्वचेचा चार मिलिमीटरचा तुकडा काढावा लागतो. "डोक्याचं ऑपरेशन" म्हणून घरचे धसका घेतात. जागा बधिर करून एक-दोन टाके, एवढंच ते काम.

2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत काही दिवसांत माणसांना टक्कल पडू लागलं, तेव्हा इथेही ज्याला त्याला बोअरच्या पाण्याचा संशय. तिथेही पहिला संशय पाणी आणि बुरशीवरच गेला होता. पुढे तपासण्यांत सेलेनियम हे खनिज जास्त सापडलं आणि बोट रेशनच्या गव्हाकडे वळलं. खाजेनं सुरुवात झाली म्हणजे बुरशीच, असं नसतं.

लहान मुलाच्या डोक्यात मात्र खवले, तुटके केस आणि पिलपिली गाठ दिसली तर ती बुरशी असण्याची शक्यता मोठी. तिला गळू समजून कापू नका आणि मेडिकलमधून सर्व रोगांवर चालणारं मिश्र मलम आणून चोळू नका. त्यातल्या स्टेरॉईडनं लाली दबते आणि बुरशी आत वाढत राहते. इथे पोटातूनच औषध लागतं, ते केसाच्या आत पोचावं म्हणून.

आता चौकाचौकात हेअर ट्रान्सप्लांटचे बोर्ड लागलेत. तुमचं डोकं खाजत, जळत असेल तर तिथे अ‍ॅडव्हान्स भरण्याआधी त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. व्रण करणारा दाह जिवंत असताना रोवलेले केसही तो खातो. तो पुरता शांत होऊन निदान एक-दोन वर्षं गेल्याशिवाय हा विषय काढूच नये. आणि दाखवायला येताना, कृपा करून, दोन दिवस डोक्याला काही लावू नका; भिंगाखाली मला त्वचा पाहायची असते.