बेळगावाएवढं लांब

फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला होता. आमच्या शाळेत रेंज टिकते ती एकाच जागी, खिचडीच्या शेडच्या दारात. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही वर्गात होता, पण लाईट सकाळीच गेली होती. त्यामुळं २५ जून २०२५ ला, बुधवारी, भारताचा शुभांशू शुक्ला अंतराळात निघाला तेव्हा पहिली ते चौथीची सगळी शाळा चुलीपुढं दाटीवाटीनं बसली होती. स्वयंपाकाच्या मावशी ‘सर, लेकरांवर फोडणी उडंल’ म्हणून माझ्यावर करवादत होत्या.

शाळा बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या डोंगरपट्ट्यात आहे. इथं ऊसतोडीला न जाणारं घर शोधावं लागतं. दिवाळी झाली की आगाऊ पैसे, म्हणजे उचल, देणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागतात. नवराबायको मिळून एक कोयता. कुणी सांगली-कोल्हापुराकडं जातं, कुणी बेळगावाकडं. मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की माणसं माघारी येतात. मधल्या महिन्यांत माझ्या हजेरीपटाचं काय होतं ते या भागातल्या कुठल्याही मास्तरला विचारा.

मी तयारी केली होती ती वेगळीच. फळ्यावर रॉकेट काढलं होतं. ३ एप्रिल १९८४ ला पहिले भारतीय अंतराळवीर राकेश शर्मा अंतराळात गेले, त्यानंतर दीड वर्षानं शुभांशू जन्मला. २०१९ मध्ये निवड झाली, मग रशियात, बेंगळुरूत आणि शेवटी अमेरिकेत प्रशिक्षण. एका उड्डाणासाठी सहा वर्षं. पोरं ऐकत होती, म्हणजे समोर खिचडी शिजत असताना पोरं जितपत ऐकतील तितपत.

मग वेळ घालवायला मी एक फोटो दाखवला. काचेच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला त्याची बायको, दोघांचे तळवे काचेवर एकमेकांसमोर.

“मधी काच कशाला?” तिसरीतल्या एकानं विचारलं.

उड्डाणाआधी माणसाला वेगळं ठेवतात, सर्दी-खोकला लागू नये म्हणून, असं सांगितलं. १९६८ मध्ये अपोलो ७ या अमेरिकन यानाच्या कमांडरला वरती सर्दी झाली होती. तिथं वजनच लागत नसल्यामुळं शेंबूड खाली उतरत नाही, नाकातच तुंबून राहतो. हे मात्र सगळ्यांना एका दमात कळलं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी तर लगेच नाकं पुसली.

“किती दिस ठिवलं काचंत?”

“महिनाभर. २९ मेला जायचं होतं. मग तारीख पुढं, मग हवा खराब, मग रॉकेटमध्ये ऑक्सिजनची गळती निघाली, मग जिथं जायचं त्या स्पेस स्टेशनचीच काहीतरी तपासणी.”

“म्हंजी उचल घेऊन बसला, आन् गाडीच येईना,” तो म्हणाला. त्यात विनोद असा नव्हता. गाठोडी बांधून रस्त्याच्या कडेला दोन-दोन दिवस थांबलेली माणसं त्यानं पाहिलेली आहेत.

“त्याला लेकरू हाय का?”

“आहे. तुझ्यापेक्षा लहान.”

“मंग ते कुणापशी ठिवलं?”

मावशींचं उलथनं थांबलं. हा पोरगा त्यांचाच नातू. आईबाप पाच महिने बेळगावाकडं उसाच्या फडात होते, आणि हा इथं आजीपाशी. त्याला इथं ठेवायला लावलं होतं मी. मागच्या दिवाळीआधी त्यांच्या अंगणात बाजेवर बसून त्याच्या बापाशी तासभर हुज्जत घातली होती. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, शाळा नसते, लेकराचं वर्ष बुडतं, वगैरे. बाप ऐकला. त्या वर्षी पोराची हजेरी चांगली लागली आणि मी ती केंद्रप्रमुखांना कौतुकानं दाखवलीही. पोराला मी काहीच विचारलं नव्हतं. आजही पुन्हा बाजेवर बसलो तर तेच सांगेन, तो भाग वेगळा.

“त्याच्या आईपाशी,” मी म्हणालो.

“आई हाय व्हय,” तो म्हणाला. “मंग बरंय. कवा येनार बाप?”

“चौदा-पंधरा दिवसांत.”

“हात्तिच्या!”

किती लांब, असंही त्यानंच विचारलं. स्पेस स्टेशन साधारण चारशे किलोमीटर वर आहे म्हटल्यावर त्यानं आजीकडं बघितलं. “बेळगावाएवढंच?” खरं तर रस्त्यानं बेळगाव जरा जास्तच पडेल. इतकी वर्षं मी हे अंतर शिकवतोय, पण ते असं मोजलं नव्हतं. मात्र पोचायला अठ्ठावीस तास लागतात म्हटल्यावर पुढची अडचण त्यानं लगेच काढली. बेळगावाला ट्रक एका रात्रीत पोचतो, मग याला अठ्ठावीस तास का?

इथं मला ट्रॉली आठवली. ऊस भरलेली ट्रॉली चाललेली असताना टिपरू ओढायचं तर काय करता? सगळे एकदम ओरडले, पळायचं! नुसतं पळून भागत नाही, ट्रॉलीच्या वेगानं पळावं लागतं, नाहीतर हात हिसडतो. स्टेशन तासाला अठ्ठावीस हजार किलोमीटरनं धावतं. उंची लवकर गाठता येते. सगळा वेळ जातो तो मागून हळूहळू गाठत नेमका त्याच्या वेगानं शेजारी यायला. माझ्या फळ्यावरच्या रॉकेटपेक्षा हे बरं जमलं.

बारा वाजून एक मिनिटानं जाळ दिसला. तिकडं रात्र होती, म्हणून तो फारच मोठा वाटला. कुणी बोललं नाही. मावशींनी उलथनं हातात असतानाच नमस्कार केला. थोड्या वेळानं यानात एक पांढरा खेळण्यातला हंस तरंगताना दिसला. तो तरंगला म्हणजे वजन संपलं, असं मी सांगेपर्यंत रेंज गेली आणि खिचडी वाढायची वेळ झाली.

१५ जुलैला शुभांशू समुद्रात उतरला. नंतर त्यानं लिहिलेलं मी वाचलं. विलगीकरणात घरची माणसं भेटायला आली तरी आठ मीटर लांब उभी राहायची. तुझ्या हाताला जंतू आहेत म्हणून बाबाला शिवायचं नाही, असं मुलाला सांगावं लागलं होतं. तो दर भेटीला आईला विचारायचा, मी हात धुऊन येऊ का?

हे मी वर्गात सांगितलं. तिसरीतला तो तेव्हा वहीवर काहीतरी खरडत होता.

“मंग धुतल्यावर घेतलं का जवळ?”

फोनवर फोटो होता. बाप वाकून पोराला कवेत घेतोय. त्यानं फोन हातात घेऊन बराच वेळ बघितला, स्क्रीन विझली तेव्हा परत लावून मागितली.

“पट्टा पडला मंग,” म्हणाला, आणि ताट घेऊन आजीकडं पळाला.